सर्वसमर्थ देवाला काय काय करता येत नाही

ख्रिस्ती माणूस ‘देव सर्वसमर्थ आहे’ असे म्हणतो तेव्हा त्याला नेमके काय म्हणायचे असते? ऐकणाऱ्याला वाटते, यात समजावण्यासारखे काय आहे? देव काहीही करू शकतो, संपले. आपल्याकडे त्यासाठी ‘कर्तुम् अकर्तुम् अन्यथाकर्तुम् समर्थ’ असे भारदस्त विशेषण तयारच आहे. करणे, न करणे आणि केलेले फिरवणे ज्याच्या हातात, तो. पुण्यात हे विशेषण देवाला लावतात तसे वॉर्डातल्या वजनदार माणसालाही लावतात, अर्थात त्याच्या पाठीमागे. ख्रिस्ती लोकांचा सर्वसमर्थ देव म्हणजे याच वजनदार माणसाची अमर्याद वाढवलेली आवृत्ती, अशी समजूत बाहेर असते. खरे सांगायचे तर आम्हा देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) नेमाने जाणाऱ्यांपैकी पुष्कळांचीही तीच असते. ती थोडी उसवावी म्हणून हा लेख.

रविवारच्या उपासनेत एका ठिकाणी सगळी मंडळी उभी राहते आणि मतांगीकार म्हणते, म्हणजे आपण कशावर विश्वास ठेवतो ते एका सुरात सांगते. गुरुवार पेठेतले पंचहौदाचे देऊळ 1885 चे, क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च त्याहून जुने, 1792 चे. पंथ निराळे, भाषा निराळ्या, पण मतांगीकाराची सुरुवात दोन्हीकडे तीच: देव बाप आहे, सर्वसमर्थ आहे आणि आकाश व पृथ्वी यांचा उत्पन्नकर्ता आहे. तिन्ही गोष्टी एका दमात. (सिटी चर्चला जागा दिली पेशव्यांनी. गादीवर सवाई माधवराव, कारभार नाना फडणविसांच्या हातात. सत्ता कुणाच्या नावावर आणि चालते कुणाची, हा प्रश्न या गावाला नवा नाही.)

ही कबुली सुरुवातीला देणारे लोक कोण होते, हे ध्यानात ठेवले तर तिचा रोख कळतो. रोमन साम्राज्यात 313 पर्यंत ख्रिस्ती असणे धोक्याचे होते, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी विश्वासाची कबुली देण्याची चाल त्याच्याही बरीच आधीची. नव्या करारात देवाला सर्वसमर्थ ही पदवी मूळ ग्रीकमध्ये 10 वेळा आली आहे. त्यांतल्या 9 वेळा एकट्या प्रकटीकरणाच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक लिहिले आहे आशिया मायनरमधल्या लहान, धास्तावलेल्या मंडळ्यांसाठी. ज्यांच्याकडे ना सैन्य, ना खजिना, ना कचेरीत ओळख, अशा लोकांनी देवाला सर्वसमर्थ म्हटले. त्यात रोमला टोला होता: सगळे तुझ्या हातात नाही. उरलेला दहावा उल्लेख पौलाच्या एका पत्रात येतो, आणि तिथे हा सर्वसमर्थ म्हणतो काय, तर मी तुम्हांला पिता होईन आणि तुम्ही मला मुलगे व मुली व्हाल. बाप आणि सर्वसमर्थ यांची जोडी मतांगीकाराच्या आधीपासून अशी बांधलेली आहे. ती सोडवून नुसते सामर्थ्य बाजूला काढले की घोटाळे सुरू होतात.

पहिला घोटाळा दगडाचा. संडे स्कूलमध्ये आठवी-नववीची मुले हा प्रश्न विचारतातच. देवाला स्वतःला उचलता येणार नाही एवढा जड दगड देव निर्माण करू शकतो का? हो म्हणा, तर उचलता येत नाही. नाही म्हणा, तर निर्माण करता येत नाही. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे हसू असते ते शिक्षकाने एकदा तरी पाहावे असे असते.

याचे उत्तर तेराव्या शतकात थॉमस अक्विनास या इटालियन संन्याशाने देऊन ठेवले आहे, आणि ते अवघड नाही. जे मुळात होऊच शकते ते सगळे देव करू शकतो. पण ज्याच्या पोटातच विरोध आहे, एका अर्ध्याने दुसरे अर्धे खोडले आहे, ते ‘करण्याजोगे’ काही नसतेच. चौकोनी वर्तुळ हे कुठल्या वस्तूचे नाव नाही. व्याकरणात बसतात म्हणून शेजारी ठेवलेले ते दोन शब्द आहेत. त्यांच्यापुढे ‘देव करू शकतो का’ असे जोडल्याने त्यांना अर्थ येत नाही. म्हणून अक्विनास म्हणतो, अशा बाबतीत देवाला ते करता येत नाही असे म्हणण्यापेक्षा ती गोष्ट होण्याजोगी नाही असे म्हणणे बरे. सर्व काही उचलू शकणाऱ्याला न उचलता येणारा दगड हे चौकोनी वर्तुळच, फक्त जरा हुशारीने लपवलेले.

सगळ्यांना हे पटले नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने 1630 मध्ये पत्रांतून उलटी बाजू मांडली. राजा राज्यात कायदे घालून देतो तशी गणितातली सत्येसुद्धा देवानेच घालून दिलेली आहेत, असे त्याचे म्हणणे. म्हणजे त्याने वेगळे ठरवले असते तर गणितही वेगळे झाले असते. ऐकायला हा देव अक्विनासच्या देवापेक्षा मोठा वाटतो. मला मात्र तो धास्ती वाटण्याजोगा वाटतो. ज्याच्यापुढे बेरीजसुद्धा टिकण्याची खात्री नाही, त्याने दिलेल्या वचनाचे काय? ख्रिस्ती विचारातला मुख्य प्रवाह अक्विनासबरोबर राहिला, आणि ते बरेच झाले.

याच ओघात भूतकाळाचा प्रश्न येतो. घडून गेलेली गोष्ट देव न घडलेली करू शकतो का? अकराव्या शतकात इटलीतल्या माँते कास्सिनोच्या मठात जेवताना हा वाद निघाला, आणि पेत्रुस दामियानी या धर्मपंडिताने त्यावर लांबलचक पत्र लिहून देवाच्या सामर्थ्याची बाजू लढवली. अक्विनासचे उत्तर रोखठोक: झालेले न झालेले करणे हाही विरोधच, तो देवाच्या सामर्थ्याच्या कक्षेत येत नाही. देव क्षमा करू शकतो, मोडलेले जोडू शकतो, पण झालेच नव्हते असे करत नाही. हा मुद्दा वरवर पंडिती वाटतो. ज्याने कुणाचे तरी भरून न येणारे नुकसान केले आहे त्याला विचारा, तो पंडिती आहे का ते.

इथपर्यंत तर्काचा भाग झाला. पवित्र शास्त्र याच्याही पुढे जाते आणि देवाला न येणाऱ्या गोष्टींची नोंदच करते. त्याला खोटे बोलता येत नाही (तीताला पत्र आणि इब्री लोकांस पत्र). त्याला वाईटाचा मोह पडत नाही (याकोबाचे पत्र). तो स्वतःविरुद्ध वागू शकत नाही (तीमथ्याला दुसरे पत्र). यांतल्या एकाही गोष्टीत तार्किक विरोध नाही. खोटे बोलणे तर मला-तुम्हांला सहज जमते. मग देव आपल्यापेक्षा कमी समर्थ झाला का?

सवाई गंधर्वमध्ये जन्मभर साधना केलेला गवई गायला बसतो. त्याला बेसूर गाता येत नाही. तो बेसूर गाण्याचा प्रयत्न करून फसतो असे नाही, त्याच्या गळ्यातून ते येतच नाही. यावर मांडवातले कुणी असे म्हणत नाही की मला दोन प्रकारे गाता येते आणि याला एकाच प्रकारे, म्हणजे मी वरचढ. बेसूर होणे ही अंगची एखादी शक्ती नाही, तो शक्तीचा अभाव आहे. खोटे बोलण्याचेही तेच. माणूस खोटे बोलतो ते बहुधा भीतीने, लोभाने, उघडे पडू नये म्हणून, थोडक्यात कुठेतरी कमी पडतो म्हणून. ऑगस्टीन या आफ्रिकेतल्या बिशपने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हे नेमके मांडले: देव मरू शकत नाही, फसू शकत नाही, आणि याने त्याचे सामर्थ्य घटत नाही. उलट ते शक्य असते तर तो सर्वसमर्थ राहिला नसता.

म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत सामर्थ्य हे देवाच्या स्वभावापासून सुटे असे काही नाही. एका हातात चांगुलपणा, दुसऱ्या हातात ताकद, आणि आज कुठला हात चालवायचा ते त्याची मर्जी ठरवणार, असे चित्र शास्त्रात नाही. तो जसा आहे तसेच त्याचे सामर्थ्य आहे. हे एकदा नीट कळले की ‘देव काहीही करू शकतो’ हे वाक्य किती पोकळ आहे ते दिसू लागते.

आता जरा पावसाकडे वळू. जूनमध्ये पावसाने ओढ दिली की पुण्यात दोन गोष्टी सुरू होतात. पेपरात खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा, म्हणजे खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघरचा साठा छापून येऊ लागतो, आणि देवळांत पावसासाठी प्रार्थना होते. मग एके दिवशी धो धो कोसळतो. कशामुळे? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला म्हणून, की प्रार्थना ऐकली गेली म्हणून? प्रश्न असा टाकला की दोघांत भांडण लागते, आणि हवामान खाते जितके जास्त समजावून सांगेल तितका देव मागे सरकत जातो.

ख्रिस्ती शिकवणूक हे भांडण मान्य करत नाही. कमी दाबाचा पट्टा हेच पाऊस पडण्याचे खरे कारण आहे, आणि पट्टा, समुद्र, सूर्य, वारा या सगळ्यांना अस्तित्वात धरून ठेवणारा देव आहे. निम्मे काम त्याचे आणि निम्मे निसर्गाचे अशी वाटणी इथे नाही. सबंध काम निसर्गाचे, आणि सबंध निसर्ग देवाचा. अक्विनासने याला पहिले कारण आणि दुय्यम कारणे असे म्हटले आहे. उत्पन्नकर्ता याचा अर्थ कधीकाळी घड्याळाला किल्ली देऊन निघून गेलेला असा नाही. या क्षणीही त्याच्यामुळे सगळे आहे. म्हणून डॉक्टरकडे जाणे हा अविश्वास नाही, आणि औषधाने बरे वाटल्यावर देवाचे आभार मानणे हा भाबडेपणाही नाही. चमत्कार ख्रिस्ती श्रद्धेत आहेत, मी ते नाकारत नाही, पण देवाचे सामर्थ्य फक्त चमत्कारात दिसते असे मानणाऱ्याने वर्षातले बाकीचे सगळे दिवस देवाकडून काढून घेतलेले असतात.

येशू डोंगरावरच्या प्रवचनात म्हणतो की देव नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. हे वाक्य देवाच्या उदारपणाबद्दल आहे. पुण्यात बसून वाचताना त्याची दुसरी बाजूही दिसते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. ते नीतिमान पाहून शिरले नाही.

इथून खरा अवघड प्रश्न सुरू होतो. दगडाचे कोडे कट्ट्यावरचे आहे, हा प्रश्न घराघरातला आहे. देव चांगला आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर मग हे का? थांबवायची इच्छा नसेल तर चांगला कसा, आणि थांबवता येत नसेल तर सर्वसमर्थ कसा? प्रश्न ख्रिस्ती धर्माहून जुना आहे, ग्रीकांपासून चालत आलेला आहे.

नेहमीचे उत्तर असे: देवाने माणसाला स्वातंत्र्य दिले. प्रेम करण्याचे स्वातंत्र्य द्यायचे तर दुष्टपणाचेही द्यावे लागते, कारण सक्तीचे प्रेम हे पुन्हा चौकोनी वर्तुळच. हे उत्तर खोटे नाही. पानशेतला ते बऱ्याच अंशी लागू पडते. धरणाचे काम पुरे झालेले नसताना त्यात पाणी अडवले होते, तो माणसांचा निर्णय होता. ढासळणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत जवानांनी तो काही तास धरून ठेवला, तीही माणसेच, आणि त्यांच्यामुळे लोंढा रात्री न येता दिवसाउजेडी आला.

पण 1897 च्या प्लेगचे काय? पिसवा आणि उंदीर यांना इच्छास्वातंत्र्य नसते. माणसाच्या स्वातंत्र्याचे उत्तर प्लेगपाशी, भूकंपापाशी, जन्मतः आजारी असलेल्या बाळापाशी येऊन थांबते. पुढे काहीजण म्हणतात, नियमाने चालणारे जग हवे तर त्या नियमांचे चटकेही आलेच. काहीजण म्हणतात, दुःखातून माणूस घडतो. पहिल्यात तथ्य आहे. दुसरे मी दुसऱ्याच्या दुःखाबद्दल कधीही बोलणार नाही. यांतले कुठलेच उत्तर पुरते पडत नाही, आणि पडते असे सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहावे.

शास्त्रात या प्रश्नाला वाहिलेले एक अख्खे पुस्तक आहे, ईयोबाचे. ईयोबाचे सगळे जाते: गुरेढोरे, मुलेबाळे, प्रकृती. तीन मित्र सांत्वनाला येतात आणि देवाची वकिली सुरू करतात. देव न्यायी आहे, सर्वसमर्थ आहे, तेव्हा तूच काहीतरी पाप केले असणार. युक्तिवाद बिनचूक वाटतो. ईयोब मानत नाही. तो देवाशी भांडतो, त्याला फिर्यादीत उभे करू पाहतो, अध्यायामागून अध्याय. शेवटी देव वावटळीतून बोलतो आणि कारण सांगतच नाही. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास, असे विचारून तो ईयोबाला समुद्र, बर्फ, नक्षत्रे, रानबकऱ्यांचे विणे, शहामृगाचा मूर्खपणा असे काय काय दाखवत सुटतो. तुमच्या प्रश्नाहून जग फार मोठे आहे एवढेच त्यातून कळते, आणि तेवढ्याने समाधान होत नाही असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही.

मात्र 42 व्या, म्हणजे शेवटच्या अध्यायात एक गोष्ट घडते जी प्रवचनांतून निसटते. देव रागावतो, पण भांडणाऱ्या ईयोबावर नाही. तो त्या मित्रांवर रागावतो: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी योग्य ते बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. देवाच्या सर्वसमर्थपणाचा बचाव करणारे दोषी ठरले, आणि देवाला जाब विचारणारा बरोबर ठरला.

हे मला नेहमी आठवते ते आमच्या मंडळीतल्या एका मावशींमुळे. त्यांचे यजमान बरेच दिवस डायलिसिसवर होते. शेवटी शेवटी कुणीतरी एका पाहुण्या उपदेशकांना घरी आणले. त्यांनी कॉटच्या पायथ्याशी उभे राहून मोठ्या आवाजात प्रार्थना केली, आजाराला नाव घेऊन निघून जायला सांगितले आणि ‘देव सर्वसमर्थ आहे, झालंच असं समजा’ असे सांगून गेले. पुढे काका गेले. स्मरण उपासनेनंतर तेच गृहस्थ घरी आले, आणि बूट घालता घालता म्हणाले, कुठेतरी विश्वास कमी पडला. मावशींनी त्यांना दारापर्यंत पोचवले, चहाचे कप उचलले, मोरीत नेऊन ठेवले आणि नळ सोडता सोडता मला म्हणाल्या, ‘अरे, माझा कमी पडला की त्यांचा, ते तरी सांगून जायचं होतं.’

ईयोबाचे मित्र असे अधूनमधून पुण्यात येतात. त्यांना दाखवायला शास्त्रातले दोन उतारे पुरेत. प्रेषितांच्या कृत्यांचा 12 वा अध्याय: हेरोद राजा याकोबाला तलवारीने मारतो, एका वचनात विषय संपतो. पेत्रालाही तो तुरुंगात टाकतो, आणि देवदूत येऊन पेत्राच्या बेड्या गळून पडतात, दरवाजा आपोआप उघडतो. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता असे तिथे चकार शब्दाने म्हटलेले नाही. दुसरा उतारा इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायात. विश्वासाने काहीजण तलवारीच्या धारेपासून बचावले, आणि थोडे पुढे, काहीजण तलवारीने मारले गेले. दोघेही विश्वासाच्या एकाच यादीत. येशू स्वतः शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेल्या अठरा जणांबद्दल म्हणाला होता की ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असे समजू नका. त्यांच्या मरणाचे कारण त्याने सांगितले नाही. दोष त्यांच्या माथी मारण्याची वाट मात्र बंद केली.

आणि श्रद्धा असली की हात बांधून बसावे, असेही नाही. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या, त्यातून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, आणि त्याच काळात पुण्याच्या प्लेग रुग्णालयातल्या बायकांच्या हालांबद्दल त्यांनी सरकारविरुद्ध वर्तमानपत्रातून जाहीर तक्रार केली. देव सर्वसमर्थ आहे यावर त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा कितीतरी गाढ होता.

तर ख्रिस्ती माणूस सामर्थ्याचा अर्थ शेवटी कुठे शोधतो? गुड फ्रायडेला.

पुण्यातल्या मराठी देवळांत त्या दिवशी बारा ते तीन अशी तीन तासांची उपासना असते. बाहेर ऊन मी म्हणत असते. आत क्रूसावर काळे कापड, वेदीवर फुले नाहीत. बायका बहुतेक पांढऱ्या साडीत, पंखे गरम हवाच इकडची तिकडे करत असतात, आणि मागच्या बाकावरची पोरे पाण्याच्या बाटलीवरून दबक्या आवाजात भांडत असतात. क्रूसावरून येशूने काढलेले सात उद्गार एकेक करून घेतले जातात. चौथा उद्गार, ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ यायच्या वेळेला दोन तरी वाजत आलेले असतात. याला ना धड उत्तर येते, ना आकाशातून आवाज. खाली उभे असलेले याजक आणि शास्त्री थट्टा करतात: त्याने दुसऱ्यांना वाचवले, त्याला स्वतःला वाचवता येत नाही! इस्राएलाचा राजा आहे ना, मग क्रूसावरून खाली ये, म्हणजे आम्ही विश्वास ठेवू.

ही थट्टा म्हणजे दगडाचेच कोडे आहे. करू शकतोस तर करून दाखव. आणि ख्रिस्ती श्रद्धा असा दावा करते की जगात देवाचे सामर्थ्य सर्वांत उघड झाले ते नेमके तिथे, जिथे तो खाली आला नाही.

आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो जी प्रार्थना करतो तिच्यात हा सगळा विषय तीन पावलांत आहे. बापा, तुला सर्व काही शक्य आहे. हा प्याला माझ्यापासून दूर कर. तरी माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पहिल्या पावलात सर्वसमर्थपणाची पूर्ण कबुली. दुसऱ्यात अगदी सरळ मागणी, तिच्यात कसलाही आव नाही. प्याला दूर होत नाही. ‘तुझा विश्वास कमी पडला’ असे या माणसाला सांगायची हिंमत कुणी करेल?

हे मराठी वाचकाला फार परके वाटू नये. पुंडलिकाने भिरकावलेल्या विटेवर जो थांबला त्याच्या गावाला आपण वारी करतो. थांबणारा देव दुबळा असतो असे वारकऱ्याला कधी वाटलेले नाही. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ना. वा. टिळक म्हणत, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते. अर्थात फरकही मोठा आहे. वीट आणि क्रूस एक नव्हेत. क्रूसावरचा थांबलेला नाही, मारला जातो आहे.

याच टप्प्यावर विसाव्या शतकातल्या काही विचारवंतांनी सर्वसमर्थ हे विशेषणच सोडून द्यावे असे सुचवले. देव जबरदस्ती करत नाही, फक्त आर्जव करतो, दुःख थांबवणे त्याच्या हातातच नाही, तो सोबत करतो. मला त्यांची कळकळ समजते. नाझींच्या तुरुंगातून डीट्रिश बोनहॉफर या जर्मन पाद्र्यानेही 1944 मध्ये लिहिले होते की दुःख सोसणारा देवच आपल्याला मदत करू शकतो. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्याला फाशी दिले, म्हणजे तो हे आरामखुर्चीत बसून लिहीत नव्हता. पण नुसती सोबतच करू शकणारा देव मेलेल्याला उठवू शकत नाही, आणि ईस्टर काढून टाकला तर ख्रिस्ती श्रद्धेत एका चांगल्या माणसाच्या खुनाची हकीकत तेवढी उरते. म्हणून चर्चने दोन्ही टोके धरून ठेवली आहेत. खाली न येणारा शुक्रवार आणि कबर रिकामी करणारा रविवार. शुक्रवार नसेल तर तो पुन्हा वॉर्डातला वजनदार माणूस, आणि रविवार नसेल तर नुसता सहृदय शेजारी. ही दोन टोके एकमेकांत कशी बसतात याचे पूर्ण गणित कुणीही मांडून दाखवलेले नाही.

मग अशा देवाकडे मागायचे कसे? गेथशेमानेत मागितले तसे. याचाच जुन्या करारातला नमुना दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. नबुखद्नेस्सर राजाच्या सोन्याच्या मूर्तीपुढे वाकायला शद्रख, मेशख आणि अबेद्नगो नकार देतात. समोर भट्टी पेटलेली. 17 व्या वचनात ते म्हणतात, आमचा देव आम्हांला या भट्टीतून सोडवायला समर्थ आहे. 18 वे वचन तिथूनच पुढे जाते: आणि तसे न झाले तरी, महाराज, आम्ही तुमच्या मूर्तीला नमन करणार नाही. दोन वचने मिळून एकच वाक्य आहे. आमच्या घरांतल्या भिंतींवर वचनांची कॅलेंडरे असतात, त्यांवर 17 वे वचन मी पुष्कळदा पाहिले आहे. 18 वे अजून कुठे छापलेले दिसले नाही.